स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या बायोसमध्ये काहीच का नसतं?

साठ-सत्तर हजारांचा गेमिंग लॅपटॉप घ्या आणि सुरू होताना एफ२ दाबा. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, त्याचा सेटिंग्जचा मेनू उघडतो. तारीख-वेळ, बूट ऑर्डर, सिक्युअर बूट, पासवर्ड, फार तर व्हर्च्युअलायझेशन (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणं) चालू-बंद करायची सोय. रॅमचं टायमिंग, व्होल्टेज, पॉवर लिमिट (चिपने जास्तीत जास्त किती वीज खायची) यांतलं काही सापडत नाही.

१९८१च्या आयबीएम पीसीत तर मेनूच नव्हता, बोर्डावरची बटणं वरखाली करायची. १९८४च्या पीसी एटीमध्ये सेटिंग्ज बॅटरीवर टिकणाऱ्या सीमॉस मेमरीत गेल्या, पण त्या बदलायला फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम लागे. पुढे फिनिक्स, अवॉर्ड आणि एएमआय यांचे तयार बायोस आले आणि सेटअप चिपमध्येच बसला. नव्वदच्या दशकात तैवानच्या अ‍ॅबिटने 'सॉफ्टमेनू' आणला, जम्पर (बोर्डावरच्या पिना जोडणारे छोटे तुकडे) न हलवता प्रोसेसरचा वेग मेनूतूनच ठरवता येऊ लागला. मदरबोर्ड सुटा विकला जातो, घेणारा चार बोर्ड ताडून पाहतो, त्यामुळे भरगच्च बायोस हा विक्रीचा मुद्दा झाला.

लॅपटॉप अशा तऱ्हेने कधी विकलाच गेला नाही. पंखे, हीटपाइप (चिपची उष्णता पंख्याकडे नेणारी नळी), बॅटरी, चार्जर सगळं एकाच कंपनीने ठरवलेलं आणि वॉरंटीही तिचीच. स्वस्त गेमिंग मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बऱ्याचदा एकाच हीटपाइपवर असतात. एकाची पॉवर वाढवली की दुसरा तापतो. त्यामुळे पॉवर लिमिट वाढवू न देण्यामागची कंपन्यांची भीती मला पटते. पण कुलूप तेवढ्यावर थांबलं नाही. २००९मध्ये विंडोज ७च्या एक्सपी मोडला (जुने एक्सपीचे प्रोग्रॅम चालवायची सोय) व्हर्च्युअलायझेशन लागायचं. सोनीच्या अनेक वायो लॅपटॉपमध्ये प्रोसेसरला ते येत होतं, तरी बायोसमध्ये बंद होतं आणि चालू करायला पर्यायच नव्हता. कंपनीने कारण सुरक्षेचं दिलं.

हे पर्याय मुळात लिहिलेलेच नसतात, असा समज आहे. तो खरा नाही. एएमआय किंवा इनसाइड या बायोस बनवणाऱ्या कंपन्यांकडून येणारं मूळ फर्मवेअर (चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम) भरगच्चच असतं, लॅपटॉप कंपनी त्यावर पडदा टाकते. अपडेटची फाइल 'यूईएफआयटूल' या प्रोग्रॅममध्ये उघडून सेटअपचा भाग वेगळा काढला की सीएफजी लॉक, ओव्हरक्लॉकिंग लॉक, मेमरीचे टायमिंग अशा नोंदींची रांग दिसते. अनेक नोंदींच्या आधी 'सप्रेस इफ' अशी अट असते. ती लागू झाली की ओळ पडद्यावर येत नाही. काही एमएसआय लॅपटॉपमध्ये चार कळा एकत्र दाबल्या की हा लपलेला मेनू उघडतो. इतर ठिकाणी लोक एनव्हीरॅम, म्हणजे सेटिंग्ज साठवणाऱ्या मेमरीतली बाइट थेट बदलतात. त्यात जोखीम मोठी आहे: चुकीचं मूल्य बसलं आणि मशीन उठलं नाही, तर लॅपटॉप खोलून फ्लॅश चिपला प्रोग्रॅमर लावायची वेळ येऊ शकते.

खरा घाव २०१९च्या डिसेंबरात बसला. तोवर थ्रॉटलस्टॉपसारख्या प्रोग्रॅममधून प्रोसेसरचं व्होल्टेज ८०-१०० मिलिव्होल्टने उतरवणं, म्हणजे अंडरव्होल्टिंग, सर्रास चाले. वेग तोच, उष्णता कमी. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला बिनाएसीच्या खोलीत खेळणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो. मग बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' जाहीर केलं. व्होल्टेज नेमकं पाडून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवायची आणि त्यातून गुप्त किल्ली काढायची, असा तो हल्ला. त्यासाठी हल्लेखोराकडे आधीच मशीनचा पूर्ण ताबा लागतो आणि गेम खेळणाऱ्याला एसजीएक्सची गरज क्वचितच पडते. तरीही इंटेलच्या उपायानंतर लॅपटॉप कंपन्यांनी बायोस अपडेटमधून व्होल्टेजवर कुलूप घातलं. ज्यांच्या मेनूत ते उघडायचा पर्याय नव्हता, त्यांच्या हातून अंडरव्होल्टिंग गेलं.

अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून एसजीएक्सच काढून टाकलं, पण अनेक लॅपटॉपवर कुलूप तसंच राहिलं. मला यात सगळ्यात जास्त खटकतो तो पुढचा परिणाम. नवव्या-दहाव्या पिढीचे लॅपटॉप वापरणाऱ्या अनेकांनी अंडरव्होल्टिंग जाईल या धास्तीने बायोस अपडेट करणंच सोडलं, आणि त्या अपडेटमधली सुरक्षेची बाकीची दुरुस्तीही त्यांच्यापर्यंत पोचली नाही.