सोनेरी एल चाखताना आणि तिला गुण देताना : सत्राला येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेल्जियममध्ये राहणाऱ्या आणि भारतातून येथे फिरायला येणाऱ्या आमच्या मराठीभाषक ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. आमच्या चाखणीच्या सत्रात आपल्यासमोर बेल्जियन पद्धतीच्या तीव्र सोनेरी एलचे (एल म्हणजे उबदार तापमानात किण्वन होणारी बिअर) तीन नमुने ठेवले जातात आणि प्रत्येकाला 50 पैकी गुण देण्याची विनंती केली जाते. ग्लास समोर आल्यावर वाचत बसणे कोणालाही आवडत नाही, म्हणून हा मजकूर घरीच निवांत वाचून यावा. बेल्जियमच्या कायद्यानुसार वयाच्या 16 व्या वर्षापासून बिअर विकत घेता येते. मात्र या नमुन्यांची तीव्रता लक्षात घेऊन आम्ही 18 वर्षे पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश देतो.

ही बिअर कशी घडते

या प्रकाराची ओळख आपल्या तीन नमुन्यांपैकी एक असलेल्या डुव्हल या बिअरपासून करून घेणे योग्य, कारण पुढे आलेल्या बहुतेक सोनेरी एल तिच्याच वाटेने गेल्या आहेत. ब्रसेल्सहून अँटवर्पकडे जाणाऱ्या ए12 रस्त्यालगत ब्रेन्डोंक हे गाव आहे आणि तेथील मोर्टगाट कुटुंबाची ब्रुअरी 1871 मध्ये सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर या कुटुंबातील अल्बर्ट मोर्टगाट यांनी स्कॉटलंडहून यीस्टचा नमुना मिळवला आणि त्यावर जी बिअर तयार झाली तिला युद्धसमाप्तीच्या आनंदात ‘व्हिक्टरी एल’ असे नाव दिले गेले. 1923 पासून ती डुव्हल या नावाने विकली जाऊ लागली. त्या काळची डुव्हल गडद रंगाची होती. लुव्हेन विद्यापीठातील प्राध्यापक जाँ द क्लर्क यांच्या सल्ल्याने तिच्यावर बरेच काम झाले आणि 1970 मध्ये आज आपण पाहतो ती फिकट सोनेरी डुव्हल लोकांसमोर आली.

तिच्या घडणीतील दोन गोष्टी समजून घेतल्या, तर चाखताना काय शोधायचे हे आपोआप कळते. पहिली गोष्ट साखरेची. फिकट पिल्सनर माल्टच्या (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली) जोडीला या बिअरमध्ये डेक्स्ट्रोज घातले जाते. माल्टमधील काही शर्करा यीस्टला पचत नाहीत आणि त्या बिअरमध्ये राहून तिला गोडवा व जाडी देतात. डेक्स्ट्रोज मात्र यीस्ट पूर्णपणे संपवते, त्यामुळे अल्कोहोल वाढते, पण पेयात जडपणा साठत नाही. साखर घातल्यामुळे बिअर गोड होत असेल अशी समजूत आमच्या अनेक ग्राहकांची असते. प्रत्यक्षात साखरेमुळेच ती कोरडी होते.

दुसरी गोष्ट बाटलीतील किण्वनाची. टाकीतील किण्वन आणि त्यानंतरची थंडीतील साठवण संपल्यावर बाटली भरताना पुन्हा थोडी साखर व यीस्ट घातले जाते आणि बाटल्या सुमारे 24 अंश सेल्सिअसच्या उबदार दालनात दोन आठवडे ठेवल्या जातात. तेथे जो वायू तयार होतो तो बाटलीतच कोंडला जातो, आणि ग्लासात उसळणारा भरपूर फेस त्याच वायूचा असतो. त्यानंतर बाटल्या थंड तळघरात मुरतात. सगळी प्रक्रिया मिळून सुमारे 90 दिवस लागतात. ए12 वरून जाताना ब्रुअरीच्या पांढऱ्या भिंतीवर ‘श्श… येथे डुव्हल मुरते आहे’ अशा अर्थाची डच अक्षरे दिसतात. गाडीत असाल तर उजवीकडे-डावीकडे जरूर लक्ष ठेवा.

एवढ्या खटाटोपाचा परिणाम असा, की डुव्हलमध्ये 8.5 टक्के अल्कोहोल असूनही ती जिभेवर हलकी आणि कोरडी लागते. तीव्रता अंगी असावी, पण ती जाणवू नये, ही या प्रकाराची कसोटी आहे, आणि गुण देताना आपण मुख्यतः हीच कसोटी लावावी असे आमचे मत आहे.

सत्राच्या दिवशी

सत्रापूर्वी किमान दोन तास तिखट खाऊ नये. हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा लसणाची चटणी खाऊन आलेल्या जिभेला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या फुलांचा) नाजूक कडवटपणा कळत नाही, आणि भरपूर वायू असलेली बिअर त्या जिभेवर नुसती चुरचुरते. परंतु उपाशीपोटीही येऊ नये. वरणभात, साधी पोळीभाजी किंवा पाव-चीज असे सौम्य जेवण करून यावे. अत्तर, सुगंधी तेल आणि वासाचे हँडक्रीम त्या दिवशी टाळल्यास शेजारी बसलेल्यांचीही सोय होते. नमुन्यांच्या मध्ये खाण्यासाठी आम्ही बिनमिठाचा पाव आणि साधे पाणी ठेवतो. तिन्ही बिअर बार्लीपासून बनतात, म्हणून ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी सत्रात भाग घेऊ नये.

बाटली उघडणे आणि ओतणे

नमुने साधारण 6 ते 10 अंश तापमानात दिले जातात. याहून गार बिअरचा वास दबतो, आणि फार कोमट झाली तर अल्कोहोलच पुढे येते. ग्लास ट्यूलिपच्या फुलासारखा, मध्ये फुगीर आणि वर किंचित आवळलेला असतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीस मोर्टगाट यांनी हा ग्लास अशा हेतूने आणला, की 33 सेंटिलिटरची पूर्ण बाटली तिच्या फेसासह एकाच वेळी त्यात मावावी. आवळलेल्या कडेमुळे वास ग्लासातच साठून राहतो.

ग्लास स्वच्छ असणे फार महत्त्वाचे आहे. काचेला तेलाचा वा साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो आणि बिअरचा दोष नसताना तिचे गुण कापले जातात. म्हणून आम्ही प्रत्येक ग्लास थंड पाण्याने विसळूनच वापरतो. ग्लास तिरपा धरून बाटली सावकाश ओतावी, फेस वर चढू लागला की ग्लास सरळ करावा आणि बाटलीच्या तळाशी सुमारे एक सेंटिमीटर बिअर शिल्लक ठेवावी. त्या उरलेल्या भागात यीस्टचा गाळ असतो. तो अपायकारक नाही, पण ग्लासात गेला तर रंग गढूळ होतो आणि चव कडसर होते. ज्यांना त्याची चव पाहायची असेल त्यांनी ती शेवटी वेगळ्या पेल्यात पाहावी.

नाक आणि जीभ

ग्लास हातात आल्यावर आधी वास घ्यावा, कारण सर्वात नाजूक सुगंध पहिल्या मिनिटातच उडून जातात. एकच दीर्घ श्वास घेण्यापेक्षा दोनतीन छोटे श्वास घेऊन थांबावे, मग ग्लास हलकेच फिरवून पुन्हा वास घ्यावा. चांगल्या सोनेरी एलमध्ये फळांचा वास अग्रभागी असतो आणि तो बहुधा नासपती, सफरचंद किंवा संत्र्याच्या सालीकडे झुकतो. हे वास फळांपासून येत नसून यीस्टने किण्वनाच्या वेळी तयार केलेल्या एस्टर नावाच्या संयुगांचे असतात. त्यामागून मिऱ्याची हलकी झाक येते, तीही यीस्टचीच. हॉप्सचा वास फुलांसारखा व सौम्य असतो. डुव्हलमध्ये चेक प्रजासत्ताकातील साझ आणि स्लोव्हेनियातील स्टिरियन गोल्डिंग हे हॉप्स वापरतात आणि दोन्ही जाती सौम्य सुगंधासाठी प्रसिद्ध आहेत. माल्टचा वास मागे, ताज्या धान्यासारखा असतो. या बाबतीत मराठी घरातील माणसाने स्वतःला कमी लेखू नये असे आम्ही मनापासून सांगतो. मिरी, लवंग, धने आणि जायफळ यांतला फरक डोळे मिटून ओळखणारे नाक या कामासाठी उत्तम तयार झालेले असते. परदेशी पुस्तकातील शब्द आठवण्याचा प्रयत्न न करता आपल्याला जे आठवले ते आपल्या शब्दांत लिहावे.

घोट घेताना तो जिभेवर सगळीकडे फिरू द्यावा आणि गिळावा. वाइन चाखणारे पुष्कळदा थुंकतात, पण बिअरचा कडवटपणा घशाजवळ व गिळल्यानंतर अधिक स्पष्ट होतो, म्हणून येथे थोडे गिळणे आवश्यक ठरते. पहिल्या क्षणी माल्टचा हलका गोडसरपणा आणि फळांची चव येते, मधल्या टप्प्यात बारीक बुडबुड्यांची चुरचुर व मिऱ्यासारखा तिखटसरपणा येतो आणि शेवटी हॉप्सचा स्वच्छ कडवटपणा राहतो. गिळून झाल्यावर लगेच दुसरा घोट घेऊ नये. तोंडात काय उरते याकडे दहा-पंधरा सेकंद लक्ष द्यावे. ओठांवर चिकट गोडवा उरला तर ती बिअर या प्रकारात कमी पडली असे समजावे. पोटात उतरताना सौम्य ऊब जाणवली तर ती चालते; पण घशात जळजळ झाली किंवा नाकाला स्पिरिटसारखा वास आला, तर किण्वन नीट सांभाळले गेले नाही असे मानून गुण कापावेत.

सत्रातील इतर दोन नमुन्यांपैकी ला शूफ ही आर्देन भागातील आशूफ गावची, 8 टक्क्यांची बिअर आहे. ती गाळलेली नसते आणि तिच्यात धने वापरतात. डुव्हलपेक्षा ती थोडी गोलाई असलेली, अधिक मसालेदार लागते. डेलिरियम ट्रेमेन्स ही गेंटजवळच्या मेल्ल गावातील ह्यूग ब्रुअरीची, 8.5 टक्क्यांची. तिची ओळख बाटलीवरील गुलाबी हत्तीमुळे पटते, पण सत्रात बाटल्या कापडात गुंडाळलेल्या असतात, कारण नाव आणि चित्र दिसले की जिभेच्या आधी मन निकाल देते. ट्रिपेल या जवळच्या प्रकाराशी या बिअरची गल्लत होते. वेस्टमाल मठाची 9.5 टक्क्यांची ट्रिपेल ज्यांनी घेतली असेल त्यांना आठवेल, की तिचा रंग थोडा गडद आणि अंग अधिक भरलेले असते. सोनेरी एल तिच्या तुलनेत फिकट, सडपातळ आणि अधिक कोरडी असते.

दोष ओळखणे

दोषांपैकी वारंवार भेटणारा एक दोष प्रकाशाचा आहे. हॉप्समधील कडू द्रव्यांवर ऊन किंवा ट्यूबलाइटचा प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होते आणि त्याचा वास जळक्या रबराकडे झुकतो. तपकिरी काच यापासून बरेच संरक्षण देते, हिरवी काच थोडे, पारदर्शक काच अजिबात नाही. जुन्या, उन्हाळ्यात तापलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. लोण्याचा, उकडलेल्या मक्याचा किंवा कच्च्या हिरव्या सफरचंदाचा ठळक वास आला तर तोही नोंदवावा. परंतु पिकल्या सफरचंदाचा हलका गंध या प्रकारात स्वाभाविक आहे, हे विसरू नये.

गुण कसे द्यावेत

आम्ही बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या अमेरिकन संस्थेची 50 गुणांची पद्धत वापरतो. तिच्यात वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातील जाणिवेला 5 आणि एकूण प्रभावाला 10 गुण आहेत. दिसण्याला इतके थोडे गुण पाहून काही जणांना आश्चर्य वाटते, कारण या बिअरचा पांढराशुभ्र, उंच आणि टिकाऊ फेस व पीत असताना काचेवर राहणारी त्याची जाळी खरोखर देखणी असते. पण शेवटी पेय पिण्यासाठी असते, आणि ही विभागणी आम्हाला योग्यच वाटते. या संस्थेच्या नियमावलीत तीव्र सोनेरी एलसाठी 7.5 ते 10.5 टक्के अल्कोहोल आणि 22 ते 35 एकक कडवटपणा अपेक्षित आहे.

आकडा लिहिण्याआधी प्रत्येक रकान्यात किमान एक पूर्ण वाक्य लिहावे, हा आमचा एकमेव आग्रह आहे. ‘छान आहे’ एवढ्यावर 40 गुण देणाऱ्या ग्राहकाला पुढच्या नमुन्याच्या वेळी तुलना करण्यासाठी हाती काहीच उरत नाही. ‘नासपतीचा वास, शेवट कोरडा, कडवटपणा थोडा लांबला’ असे लिहिणाऱ्याचा आकडा मात्र महिन्यानंतरही त्यालाच समजतो. 45 व त्यावरचे गुण त्या प्रकाराचा आदर्श नमुना म्हणता येईल अशा बिअरसाठी, 38 ते 44 उत्कृष्टसाठी आणि 30 ते 37 किरकोळ उणीव असलेल्या चांगल्या बिअरसाठी ठेवावेत. 21 ते 29 मध्ये बिअर पिण्याजोगी असते, पण प्रकाराशी जुळत नाही किंवा तिच्यात दोष असतो. आपल्याला ती व्यक्तिशः आवडली की नाही, हे शेवटच्या ओळीत वेगळे लिहावे. आवड नसलेल्या बिअरलाही तिच्या प्रकारात उत्तम म्हणून गुण देता येतात आणि ते जमू लागले, की चाखणीतला आनंद कितीतरी वाढतो. शेजाऱ्याशी चर्चा आपले गुण लिहून झाल्यावरच करावी.

प्रमाण आणि परतीचा प्रवास

डुव्हलच्या एका बाटलीत सुमारे 22 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे 25 सेंटिलिटरच्या, 5 टक्क्यांच्या पिल्स या साध्या फिकट बिअरच्या दोन ग्लासांहून थोडे अधिक. हलकी लागते म्हणून ती भराभर प्यायली जाते, आणि म्हणूनच सत्रात प्रत्येक नमुना 10 सेंटिलिटर इतकाच दिला जातो. बेल्जियममध्ये वाहनचालकासाठी रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे. आमच्या सत्रानंतर कोणीही गाडी चालवू नये, रेल्वेने किंवा ट्रामने जावे.

भारतात परतताना अनेक ग्राहक बाटल्या सोबत नेतात. प्रौढ प्रवाशाला साधारणपणे 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काविना नेता येते, त्यामुळे 33 सेंटिलिटरच्या सहा बाटल्या, म्हणजे 1.98 लिटर, या मर्यादेत बसतात. तरी निघण्यापूर्वी चालू नियम तपासून घ्यावा. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात ठेवाव्यात. घरी पोहोचल्यावर त्या अंधाऱ्या, थंड जागी उभ्या ठेवून दोन दिवस गाळ बसू द्यावा आणि मगच उघडाव्यात. गुणपत्रिकेची एक कोरी प्रत आम्ही बाटल्यांच्या प्रत्येक पेटीसोबत देतो.