ल्युमेन की कँडेला? खिशातली महागडी टॉर्च घेण्याआधी

रोज खिशात बाळगायची, हवी तशी बनवून घेतलेली टॉर्च मागवताना बहुतेक जण आधी ल्युमेन विचारतात. माझं म्हणणं आहे, आधी कँडेला विचारा.

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय ते. त्यामुळे ६०० ल्युमेनचीच टॉर्च उजेड पसरवणाऱ्या लेन्समुळे ३,००० कँडेलाची असू शकते आणि बारीक एलईडी, खोल रिफ्लेक्टर असेल तर ३०,००० ची. फोकस किती लांब जातो हे कँडेलावरून निघतं: वर्गमूळ काढा, दुप्पट करा, उत्तर मीटरमध्ये. पहिलीचे ११०, दुसरीचे जवळपास ३५०. पण टॉर्चचा उजेड मोजायच्या एफएल-१ मानकात हे अंतर पाव लक्स उरेपर्यंतचं, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरेपर्यंतचं धरतात. समोरचं नीट ओळखायचं तर निम्मंच समजा.

नागपूरजवळ काटोलकडे रात्री ओलिताला जाणाऱ्याला बांधापलीकडचं रानडुक्कर दुरून दिसायला हवं. त्याने कँडेला जास्त घ्यावा. सीताबर्डीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली किल्ली शोधताना, लाइट गेल्यावर जिना उतरताना तोच फोकस नकोसा होतो. मधला ठिपका डोळे दिपवतो आणि पायाजवळचं काही दिसत नाही. शहरात राहणाऱ्याला मी रुंद उजेडाचीच टॉर्च सुचवेन. अशाच एमिसार डी-४ या टॉर्चमध्ये चार एलईडी असतात, त्या कोणत्या हव्यात हे मागवतानाच निवडता येतं. तिथे रंग खरे दाखवणारी निचिया ५१९ए ही एलईडी घ्या. लाल वायर आणि तपकिरी वायर रात्री वेगळी ओळखू येणं फार कामाचं आहे.

आता नागपूरचा उन्हाळा. मानकातले ल्युमेन टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत मोजलेले असतात. पुढे टॉर्च तापली की ती स्वतःच उजेड कमी करते, आणि ल्युमेनबरोबर कँडेलाही त्याच प्रमाणात उतरतो. मे महिन्यात रात्रीची हवाच गरम, त्यामुळे हे लवकर घडतं. टायटॅनियमची बॉडी दिसते सुंदर, पण तांब्यातून उष्णता तिच्या पन्नासपटीहून जास्त सहज वाहते. टायटॅनियममध्ये ती एलईडीपाशीच अडकते. तांबं जड असतं, हातालाही पटकन तापतं. इथल्या हवेत रोजच्या वापराला मला ॲल्युमिनियमच पटतं. मागवण्याआधी विक्रेत्याकडून दहा मिनिटांनंतर किती ल्युमेन उरतात याचा आलेख मागून घ्या.