पिशवी उघडली की घड्याळ सुरू

नवा मासा घेतला की दुकानदाराचं सांगणं ठरलेलं असतं: पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग टाकीचं पाणी थोडं थोडं तिच्यात घाला आणि सावकाश मासा सोडा. क्रॉफर्ड मार्केटमधून दादरला नेलेल्या गप्पीसाठी हा सल्ला चोख आहे. पण मासा कोलकात्याहून पार्सलने आला असेल, दीड दिवस बंद पिशवीत राहिला असेल, तर यातलं ते ‘सावकाश’ त्याच्या जिवावर उठू शकतं.

आपल्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो. मासा एवढा खटाटोप करत नाही, बहुतेक सगळा अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. कार्बन डायऑक्साइडही तिथूनच बाहेर पडतो. बंद पिशवीत दोन्ही साचत जातात आणि गंमत म्हणजे त्यातला एक दुसऱ्याला वेसण घालतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होतं, पीएच उतरतो, आणि अशा पाण्यात अमोनियाचा बहुतांश भाग अमोनियम होऊन राहतो. अमोनियमवर विद्युतभार असल्याने कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून ते सहजी आत शिरत नाही. साधा अमोनिया मात्र बिनदिक्कत शिरतो. 25 अंश सेल्सियसला पीएच 6 असेल तर एकूण साठ्यापैकी जेमतेम 0.06 टक्के अमोनिया या विषारी रूपात असतो. पीएच 7 ला तो 0.6 टक्क्यांच्या आसपास जातो, 8 ला 5 टक्क्यांच्या वर.

आता पिशवी उघडा. सोड्याच्या बाटलीतून वायू निसटावा तसा कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढू लागतो आणि इतका वेळ निपचित पडलेलं अमोनियम पुन्हा अमोनिया होतं. वर आपण मायेने वाटी-वाटी टाकीचं पाणी घालत तासभर बसलो, तर पीएच आणखी चढतो आणि मासा त्याच विषात पोहत राहतो.

म्हणून लांबून आलेल्या माशाची पिशवी बंदच ठेवून तरंगवावी. माशाच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर बदलतं, त्यामुळे ही पंधरा-वीस मिनिटं कुठल्याच माशाच्या बाबतीत वाचवू नयेत. पिशवी उघडल्यावर मात्र रेंगाळू नये. मासा अलगद जाळीत घेऊन टाकीत सोडावा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतावं.

मग पाण्यातल्या क्षारांचं काय? गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे पाणी सतत अंगात झिरपतं, मूत्रपिंडं ते उपसत राहतात आणि कल्ले निसटलेले क्षार परत ओढून घेतात. बोअरच्या जड पाण्यातून एकदम मऊ पाण्यात पडलेल्या माशावर या कामाचा ताण वाढतो, आणि घाबरलेल्या माशाच्या अंगातून क्षार आणखीनच गळतात. ही जुळवाजुळव तासाभरात होणारी नव्हे, तिला काही दिवस लागतात. माझ्या मते चांगली वाट एकच: विकणाऱ्याला त्याच्या पाण्याचा पीएच आणि जडपणा आधीच विचारावा, एका छोट्या वेगळ्या टाकीत तसं पाणी तयार ठेवावं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ते हळूहळू आपल्या पाण्याकडे वळवावं. तेवढ्यात एखादा आजार सोबत आला असेल तर तोही दिसतो. पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणंही बंद.

घरातल्या घरात टाकी बदलताना पिशवीची भानगड नसते, पण तिथे अमोनिया दुसऱ्या दाराने येतो. तो पचवणारे जिवाणू प्रामुख्याने फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढतात, पाण्यात फारसे नसतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. जुनं पाणी बादल्या भरभरून नेण्यात त्यामुळे फारसा अर्थ नाही. माशाबरोबर न्यायचा तो जुना मळकट स्पंज, आणि तोही नळाखाली धुवायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या जिवाणूंना मारतं. फारच गाळ असेल तर जुन्या टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात दोनदा पिळायचा.