गोळ्या लिहून दिल्या, पुढे काय?

भातकापणी उरकली की सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. अशा टोळीतल्या एखाद्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ८, म्हणजे बरंच कमी, निघालं तर काय करायचं? एमबीबीएसचा विद्यार्थी झोपेतही सांगेल: लोहाच्या गोळ्या. पेपरात पूर्ण गुण.

पण ती गोळी पोटात जाणार कधी? ओपीडीच्या वेळेत बाई बागेत असते. गोळी चहाबरोबर घेतली, तर चहातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यात ते नीट शोषलंच जात नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर उलट फायदा होतो. शौच काळी होऊ लागली की बाई घाबरून गोळ्या बंद करते. या गोळ्यांनी तसं होतंच, त्यात धोका नाही, हे तिला कुणी बोललेलंच नसतं. शिवाय इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असं तपासणीआधी धरून चालत नाही. वर नाव एका गावच्या आशाताईंच्या यादीत आणि मुक्काम दुसऱ्या तालुक्यात!

गोळी लिहून देणं आणि ती लागू पडणं यांतलं हे अंतर कुणाच्या खात्यावर टाकायचं? जागतिक आरोग्य संघटनेने १९९५ साली वैद्यकीय कॉलेजांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची व्याख्या केली, ती इथे कामी येते. ज्या भागासाठी कॉलेज उभं आहे, तिथल्या निकडीच्या आरोग्यप्रश्नांकडे त्याने आपलं शिक्षण, संशोधन आणि सेवा वळवायला हवी. निकडीचं काय, हे सरकार, आरोग्यसंस्था, डॉक्टर-नर्स आणि लोक यांनी मिळून ठरवायचं. वर्षातून एकदा शिबिर घेऊन फोटो काढला म्हणजे हे साधलं असं नाही.

नाशिकला म्हसरूळमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, स्थापना १९९८ची. वैद्यकीय, आयुर्वेद, दंत, नर्सिंग अशी राज्यभरची कॉलेजं त्याला जोडलेली. एमबीबीएसला आता कुटुंब दत्तक योजना आहे: पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे किमान तीन कुटुंबं. कल्पना उत्तम. भीती एवढीच, की बीपी, वजन, उंची, लॉगबुकवर सही, की झालं! भेटीच्या तारखाही कॉलेजच्या सोयीने लागल्या तर ऐन हंगामात घराला कुलूप दिसणार.

माझ्या मते नर्सिंगची आणि एमबीबीएसची मुलं एकाच घरी एकत्र जायला हवीत, आणि गुण देताना आशाताईंचं मतही धरायला हवं. हिमोग्लोबिन किती वाढलं यावर मात्र गुण नकोत. ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं, आणि मग आकडे फुगवले जातील. तोंडी परीक्षेत विचारावं: पाकिटात गोळ्या किती उरल्या होत्या, का उरल्या, आणि ते कळल्यावर तू काय बदललंस?