व्हिक्टोरियन लेखनमेज

ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) घरात बसून लिहिण्यासाठी आणि घरातले कागद, कपडे, किडुकमिडुक जपण्यासाठी तयार झालेले फर्निचर. त्यात नाना तऱ्हेची लेखनमेजे, लेखनपेट्या, उभी खणांची कपाटे आणि लष्करी प्रवासी पेटारे येतात. आज शंभर वर्षे उलटलेल्या अशा वस्तूला बाजारात ‘अँटिक’ म्हणतात. शैलीच्या नावाने या फर्निचरला एका साच्यात बसवणे अवघड आहे. त्या साठ-चौसष्ट वर्षांत गॉथिक, रोकोको, एलिझाबेथकालीन अशी जुनी वळणे पुन्हा आली, गेली, एकमेकांत मिसळली. सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे कागद आणि कुलूप.

कागद वाढला, मेज वाढले

१० जानेवारी १८४० रोजी ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवण्याची सोय झाली. त्याआधी टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. १८३९ मध्ये सुमारे साडेसात कोटी पत्रे गेली होती. १८४० मध्ये ती सोळा कोटींच्या पुढे गेली. मध्यमवर्गीय घरात सकाळचा पहिला प्रहर पत्रव्यवहारात जाऊ लागला. दौत, टाक, टीपकागद, लाख, मोहोर, पाकिटे, तिकिटे, आलेली पत्रे आणि वाण्याची बिले या साऱ्याला जागा हवी झाली. अठराव्या शतकातली लेखनमेजे सुंदर होती, पण ती मुख्यतः सरदार-जमीनदारांच्या ग्रंथालयांत असत. शहरातल्या चिंचोळ्या घराच्या बैठकीत मावेल असे मेज ही नवी गरज होती.

तिला सर्वांत नेटके उत्तर मिळाले ते डेव्हनपोर्टमध्ये. लँकेस्टरच्या गिलोज या प्रसिद्ध कारखान्याच्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या नोंदवहीत कॅप्टन डेव्हनपोर्ट यांच्यासाठी केलेल्या मेजाची नोंद आहे. नाव तिथून आले. मेज जेमतेम दोन फूट रुंद. वरती उतरते झाकण, त्यावर चामडे, मागच्या कडेला पितळी जाळीचा बुटका कठडा. खण समोर नसून बाजूला असतात, कारण समोर बसणाऱ्याचे गुडघे. उजव्या अंगाला चार खण ओढले की बाहेर येतात. डाव्या अंगालाही तसेच चार खण, तशाच मुठी दिसतात, पण ओढायला जावे तर काही हलत नाही. त्या नुसत्या दर्शनी फळ्या आहेत. एकाच लाकडी खोक्यात दोन्हीकडून खण कसे बसणार? तरी दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात, हा हट्ट. सुरुवातीच्या डेव्हनपोर्टचा वरचा भाग पुढे सरके किंवा वळे, म्हणजे पाय घालायला जागा होई. पुढे शतकाच्या मध्यावर तो पुढे काढून पक्का केला आणि खाली नक्षीदार पाय किंवा खांब दिले. काहींना पियानोसारखे गोल झाकण आले. त्यातल्या उंची नमुन्यांत आतली एक कळ दाबली की मेजाच्या पाठीतून पाकिटा-कागदांचा अख्खा कप्पा स्प्रिंगच्या जोरावर वर उचलला जातो. दीडशे वर्षांनी तो अडकतो, हेही खरे.

पुरुषांच्या अभ्यासिकेत दोन खांबी मेज असे : डावी-उजवीकडे तीन-तीन खणांचे दोन खांब, वर खणांची एक आडवी पट्टी आणि सोनेरी वेलबुट्टीची किनार छापलेले चामडे. हे मेज तीन सुट्या भागांत येते, म्हणून अरुंद जिन्यातून वर चढते. तेच दुप्पट खोल करून दोन्हीकडून खण दिले की भागीदारी मेज झाले. त्यावर दोघे समोरासमोर बसून काम करीत, बँकांच्या आणि सॉलिसिटरांच्या कचेऱ्यांत विशेष. या जातीचे जगातले सर्वांत ओळखीचे मेज वॉशिंग्टनमध्ये आहे. ‘रेझोल्यूट’ हे ब्रिटिश जहाज १८५४ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात अडकून सोडून द्यावे लागले. पुढच्या वर्षी ते अमेरिकी देवमाशेवाल्यांना तरंगताना सापडले आणि अमेरिकेने ते डागडुजी करून ब्रिटनला परत केले. १८७९ मध्ये जहाज मोडीत निघाल्यावर त्याच्या ओक लाकडातून व्हिक्टोरियाने मेज करवून घेतले आणि १८८० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हेज यांना भेट दिले. १९६१ मध्ये केनेडींच्या काळात ते ओव्हल ऑफिसमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत आले.

अमेरिकी टोक

लाटणीसारखे गुंडाळत जाणारे झाकण असलेले मेज, म्हणजे रोल-टॉप, सर्वांच्या डोळ्यांसमोर जुन्या कचेरीचे चित्र म्हणून येते. त्याचे मूळ फ्रान्सच्या राजदरबारातल्या अर्धगोल झाकणाच्या मेजांत असले, तरी घाऊक प्रसार अमेरिकेने केला; बफेलोच्या अ‍ॅबनर कटलरने १८८२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. लाकडाच्या अरुंद पट्ट्या कॅनव्हासवर सरसाने चिकटवतात आणि ती चटई दोन बाजूंच्या खोबणींतून सरकते. बऱ्याच रोल-टॉपांत एक झाकण लावले की खालचे सगळे खणही बंद होतात. मेजावरचा पसारा आवरायला नको, झाकण ओढले की काम संपले.

इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनने त्याही पुढे मजल मारली. १८७४ मध्ये पेटंट घेतलेले त्याचे मेज बंद असताना देव्हाऱ्यासारखे उभे कपाट दिसते. दोन जाड दारे उघडली की ती स्वतःच कप्प्यांनी भरलेली असतात, मधली फळी खाली येते आणि मालक शंभराहून अधिक खण-कप्प्यांच्या मध्ये बसतो. दारात पत्र टाकायची फटही होती. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट, तेलसम्राट रॉकफेलर, वृत्तपत्रमालक पुलित्झर हे त्याचे गिऱ्हाईक. हे मेज फार काळ टिकले नाही, आणि त्याचे कारण सुतारकामात नव्हते. त्याचे कप्पे घडी घातलेल्या पत्रांसाठी होते : पत्राच्या तीन-चार घड्या घालायच्या, बाहेरच्या बाजूस पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि विषय लिहायचा, कबुतराच्या खुराड्यासारख्या कप्प्यात खुपसायचे. टंकलेखन यंत्राने पत्रांचा ओघ वाढवला, प्रती वाढल्या, आणि कागद न दुमडता उभा ठेवायची पद्धत आली. फायलींच्या उभ्या कपाटापुढे खुराडी निरुपयोगी ठरली.

पेट्या आणि पेटारे

ज्याला मेज परवडत नसे किंवा ज्याचा मुक्काम एका जागी नसे, त्याची लेखनपेटी असे. पितळी पट्ट्यांनी कोपरे बांधलेली, उघडली की मखमलीचा किंवा चामड्याचा उतार तयार होणारी. वरच्या कडेला काचेच्या दोन दौती आणि टाकांचे ताट. दौतीच्या कप्प्याशेजारची पातळ फळी वर उचलली की तिच्याखालची एक पट्टी टुणकन सुटते आणि मागे दोन-तीन चिमुकले खण दिसतात. हे ‘गुप्त’ खण इतक्या पेट्यांत एकाच जागी आहेत की ते कुणापासून गुप्त राहत असतील, देव जाणे.

लष्करी पेटारा या सगळ्यांत हिंदुस्थानाशी थेट जोडलेला. खणांची ही पेटी मधोमध दोन भागांत सुटते, पाय पिळून काढता येतात, मुठी लाकडात बुडवलेल्या असतात म्हणजे वाहतुकीत अडकत नाहीत, कोपऱ्यांना पितळ. काहींत वरचा मधला खण पुढे ओढून त्याची दर्शनी फळी पाडली की लिहायचे मेज होते. महोगनी, साग आणि कापराचे लाकूड वापरीत. कापराच्या लाकडाला कसर लागत नाही, म्हणून लोकरी गणवेशांसाठी ते पसंत.

वेलिंग्टन कपाट उंच, अरुंद, बहुधा सात खणांचे. प्रत्येक खणाला वेगळे कुलूप नाही. उजव्या कडेला बिजागरीवर एक उभी पट्टी असते. ती लावून एक किल्ली फिरवली की सातही खण बंद. नाणी, शिंपले, फुलपाखरे जमवण्याचा छंद घरोघर लागला होता, त्याला हे कपाट जुळले. कपड्यांच्या साठवणीत विशेष नवल नव्हते : सरकत्या ताटांवर घडी करून कपडे ठेवण्याचे जुने कपाट मागे पडले आणि आरसा लावलेले टांगायचे कपाट आले.

कुलूप

घरात नोकरचाकर असत आणि मालकिणीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चहाची पेटीसुद्धा कुलपात ठेवणाऱ्या घरात मेजाला कुलूप नसणे शक्यच नव्हते. चांगल्या मेजांवर ब्रामा किंवा चब या इंग्रज कुलूपकारांचे कुलूप आढळते; ब्रामाचे भोक लहान आणि गोल, किल्ली नळीसारखी. ब्रामाच्या कंपनीने लंडनच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींच्या (जुन्या इंग्रजी मोहरांच्या) बक्षिसाचे आव्हान दिले होते. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी आलेल्या अमेरिकी कुलूपतज्ज्ञ हॉब्जने आधी चबचे कुलूप २५ मिनिटांत उघडले आणि मग ब्रामाचे, सोळा दिवसांत मिळून एकूण ५१ तास खपून.

लाकूड आणि लाख

बाहेरून महोगनी किंवा गाठाळ अक्रोड, खणांच्या आतल्या बाजूंना ओक, सांगाडा कित्येकदा साध्या पाइनचा. यात फसवणूक नव्हती. वाफेवर चालणाऱ्या गोल करवतींनी विनियरचे पातळ पापुद्रे स्वस्तात निघू लागले आणि मौल्यवान ओंडका दहापट पुरू लागला. आरशासारखी चमक देणारे फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी (शुद्ध केलेली लाख), आणि ती चपडी हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूर व बंगालकडच्या पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या लाखकिड्यांची. आपल्याकडचे जुने पॉलिशवाले आजही कापसाच्या बोळ्याने तेच काम त्याच हाताने करतात.

मुंबईत याच काळात उलट प्रवास झाला. युरोपी आकाराच्या खुर्च्या, कोच, मेजे इथल्या कारागिरांनी शिसवीत घडवली आणि त्यांवर आरपार कोरीव वेलपत्ती भरली. बाजारात या मालाला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणतात. इंग्रज अंमलदारांबरोबर पारशी आणि इतर धनिक घरांनी तो घेतला. लंडनच्या मेजाशेजारी ठेवले तर शिसवी मेज जड, काळे आणि जरा बोलके वाटते; कोरीवकाम मात्र सरस.

पारख

खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा, बहुतेक उत्तरे तिथे असतात. हाताने कापलेले डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरते दात, थोडे कमी-जास्त असतात. अगदी एकसारखे दिसले तर यंत्राचे. आत बुजवलेली जास्तीची भोके दिसली तर मूठ बदललेली आहे : मूळच्या लाकडी गोल मुठी काढून पितळी मुठी लावणे सर्रास चालते, कारण त्याने मेज आणखी पन्नास वर्षे जुने वाटते. पितळी सामानावर चौकटच्या एक्क्यासारखा शिक्का असेल तर तो १८४२ ते १८८३ मधल्या डिझाइन नोंदणीचा. त्याच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नोंदणीची तारीख काढता येते, अर्थात नोंदणीची, मेजाची नव्हे. वरचा भाग एका मेजाचा आणि खालचा दुसऱ्याचा असेल, तर इंग्रज व्यापारी त्याला ‘लग्न’ म्हणतात, आणि या लग्नाने किंमत उतरते. दीड-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे भुंगेऱ्याची. छिद्राखाली ताजा पिठूळ भुस्सा पडत असेल तर कीड अजून आत आहे.

एकविसाव्या शतकात काळपट लाकडाच्या या फर्निचरचे भाव ब्रिटनमध्ये चांगलेच कोसळले. साधे डेव्हनपोर्ट नव्या मेजापेक्षा स्वस्तात मिळू शकते. वूटन किंवा नामांकित कारखान्याचा शिक्का असलेला माल याला अपवाद. ब्राझिली रोझवुड १९९२ पासून वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कडक यादीत आहे, म्हणून त्याचे जुने मेजही देशाबाहेर नेताना कागदपत्रे लागतात. किल्लीच्या भोकाभोवती हस्तिदंत असेल तर ब्रिटनमध्ये विकण्यापूर्वी नोंदणी करावी लागते. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, जुने शिसवी मेज उचलणाऱ्या परदेशी पाहुण्याला हे बहुधा पैसे मोजल्यावर कळते.