अक्षरे मोठी करताना डेस्कटॉपची मांडणी का विस्कटते? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून संगणक घेतलेल्या किंवा दुरुस्त करून नेलेल्या ग्राहकांचा पहिल्या आठवड्यात जो फोन येतो, तो बहुतेक वेळा एकाच तक्रारीचा असतो: डेस्कटॉपवर सगळे नीट लावून ठेवले होते, ते आपोआप विस्कटले. चौकशी केल्यावर असे निघते, की अक्षरे बारीक वाटत होती म्हणून कोणीतरी ती मोठी केली आणि तसे करताना 'स्केल' (अक्षरे व चित्रे किती टक्के मोठी दाखवायची तो आकडा) बदलण्याऐवजी 'डिस्प्ले रिझोल्यूशन' (चित्र किती ठिपक्यांचे तयार करायचे तो आकडा) कमी केले. हे दोन्ही पर्याय डिस्प्ले सेटिंग्जमध्ये एकाखाली एक असतात आणि दोन्हींनी अक्षरे मोठी दिसतात, त्यामुळे ही चूक कोणाकडूनही होऊ शकते. मात्र ती निस्तरण्यात आपला आणि आमचा बराच वेळ जातो, म्हणून हे पत्रक.

सपाट पडद्यावरील ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, संख्या कारखान्यातच ठरलेली असते. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात आणि कोणत्याही सेटिंगने त्यांतला एकही कमी होत नाही. आपण रिझोल्यूशन १२८० × ७२० केले, की संगणक कमी ठिपक्यांचे चित्र तयार करतो आणि ते पडद्याच्या सगळ्या ठिपक्यांवर ताणून बसवावे लागते. या उदाहरणात चित्रातला एक ठिपका पडद्यावर आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना दीड-दीड ठिपका व्यापतो. अर्धा ठिपका उजळता येत नसल्यामुळे शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळून वेळ मारून नेली जाते. अक्षरे मोठी होतात, पण त्यांच्या कडा धूसर होतात. काचेच्या जुन्या, जाडजूड मॉनिटरवर रिझोल्यूशन बदलले तरी इतके बिघडत नसे, आणि ज्यांनी संगणक त्या काळात हाताळायला घेतला त्यांना तीच सवय आजही आहे. नवा मॉनिटर धूसर आहे म्हणून परत आणणाऱ्या काही ग्राहकांच्या बाबतीत आम्हाला मॉनिटरमध्ये काहीही करावे लागलेले नाही, फक्त रिझोल्यूशन पूर्ववत करावे लागले.

मांडणी विस्कटण्याचे कारणही हेच आहे. डेस्कटॉपवरील आयकॉन अदृश्य चौकटींच्या जाळीत बसलेले असतात. रिझोल्यूशन कमी झाले, की जाळीतील आडव्या ओळी आणि उभ्या रांगा घटतात, उजवीकडच्या व खालच्या आयकॉनना जागा उरत नाही आणि विंडोज त्यांना जिथे मोकळी जागा सापडेल तिथे सरकवते. नंतर रिझोल्यूशन पुन्हा वाढवले तरी ते मूळ जागी परततातच असे नाही. प्रोजेक्टर जोडून 'डुप्लिकेट' (दोन्हींकडे तेच चित्र) निवडल्यावरही असेच घडते, कारण तेव्हा दोन्ही पडद्यांना झेपेल असे, म्हणजे अनेकदा कमी, रिझोल्यूशन घेतले जाते. ज्यांना वरचेवर प्रोजेक्टर लावावा लागतो त्यांनी विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून 'एक्स्टेंड' (प्रोजेक्टर हा वेगळा, जोडीचा पडदा) निवडावे. आपल्या पडद्याचे रिझोल्यूशन त्यामुळे जसेच्या तसे राहते.

अक्षरे मोठी करायची असल्यास डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे आणि रिझोल्यूशनला हात न लावता 'स्केल' १०० टक्क्यांवरून १२५ किंवा १५० करावे. यात अक्षरे नव्याने, पडद्याच्या सगळ्या ठिपक्यांचा उपयोग करून रेखली जातात, म्हणून ती मोठी होऊनही रेखीव राहतात. काही जुने प्रोग्रॅम तेवढे किंचित अंधुक दिसतात. एकदा साइन आउट करून परत आल्यावर त्यांतले बरेचसे सुधारतात. लॅपटॉपवर विंडोज अनेकदा स्वतःच १२५ किंवा १५० सुचवते, तो आकडा चुकीचा समजून १०० वर आणू नये. कस्टम स्केलिंगच्या चौकटीत १०० ते ५०० मधला कोणताही आकडा टाकता येतो, म्हणून तो टाकलाच पाहिजे असे नाही. केवळ मजकूर वाढवायचा असेल, तर विंडोज ११ मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'खालील 'टेक्स्ट साइझ' २२५ टक्क्यांपर्यंत नेता येते. फक्त आयकॉन लहानमोठे करायचे असतील, तर डेस्कटॉपवर कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवणे पुरेसे आहे.

स्केल बदलल्यानेही जाळीचा आकार बदलतो आणि आयकॉन सरकू शकतात, हे आम्ही लपवत नाही. म्हणून आधी आकार ठरवावा आणि मांडणी त्यानंतरच करावी. संगणक ताब्यात देताना आम्ही आपल्याला पडद्यासमोर नेहमीच्या अंतरावर बसवतो, रोज वापरायचा चष्मा लावायला सांगतो, एखादे पान वाचायला देतो आणि स्केल कायम झाल्याशिवाय एकही आयकॉन लावून देत नाही, त्यामागचे कारण हेच. हा वेळकाढूपणा आहे, असे काही ग्राहकांनी आम्हाला तोंडावर सांगितले आहे. त्या पंधरावीस मिनिटांनी आपली पुढची खेप वाचते, असा आमचा अनुभव आहे, आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. एकच संगणक दोघे वापरत असतील आणि एकाला मोठी, दुसऱ्याला बारीक अक्षरे हवी असतील, तर दोघांची स्वतंत्र खाती करून घ्यावीत. प्रत्येक खात्याची मांडणी वेगळी राहते. दोन मॉनिटर किंवा कायमचा प्रोजेक्टर जोडायचा असल्यास आधी कळवावे, म्हणजे जोडणी आणि मांडणी आम्ही एकाच भेटीत करून देऊ.

आयकॉन ओढून ठेवला तरी डावीकडच्या रांगेत परत जात असेल, तर डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून 'व्ह्यू'मधील 'ऑटो अरेंज आयकॉन्स'ची खूण काढावी. सगळेच आयकॉन नाहीसे झाले असतील, तर घाबरून काही पुसू नये आणि विंडोज नव्याने टाकण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. बहुतेक वेळा त्याच यादीतील 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'ची खूण निघालेली असते, इतकेच. फाइल तेव्हाही 'डेस्कटॉप' नावाच्या फोल्डरमध्ये सुरक्षित असतात. विंडोज ११ मध्ये मधोमध असलेले स्टार्टचे बटण टास्कबारच्या सेटिंग्जमधून डावीकडे नेता येते.

रिझोल्यूशन चुकून बदलले गेलेच, तर 'कीप चेंजेस' दाबू नये. १५ सेकंद काहीही न करता थांबल्यास जुने रिझोल्यूशन आपोआप परत येते. तो क्षण हुकला असल्यास यादीतून 'रेकमेंडेड' असे लिहिलेला आकडा निवडावा आणि मगच आम्हाला फोन करावा. फोन करताना स्केल व रिझोल्यूशन या दोन्ही ठिकाणी काय लिहिले आहे ते वाचून सांगावे. मांडणी लावून झाल्यावर मोबाइलने काढून ठेवलेला पडद्याचा फोटो असेल, तर तोही पाठवावा, म्हणजे कोणता आयकॉन कुठे होता हे आम्हाला आपल्याला विचारत बसावे लागणार नाही.