तट्टूवरील हिवाळी रपेट (खानदेश)

ठेंगण्या, मजबूत बांध्याच्या घोड्यांवरून गाडीवाटा, नदीकाठ व डोंगरवाटांनी केलेला एक किंवा अधिक दिवसांचा हिवाळी प्रवास. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांत त्याचा मोसम दिवाळीनंतर सुरू होऊन महाशिवरात्रीच्या आसपास संपतो. त्यापुढे ऊन पेलत नाही आणि पावसाळ्यात काळी माती पाय धरते. आइसलँड किंवा मंगोलियात अशा रपेटीत बर्फाशी व गोठवणाऱ्या वाऱ्याशी गाठ असते. खानदेशात पहाटे पारा अनेकदा १० अंशांखाली असतो आणि त्याच दिवशी दुपारी ३० अंशांच्या जवळ पोहोचतो. जनावराला जे काही होते ते बहुधा या फरकामुळे, तसेच कोरड्या, टणक जमिनीमुळे.

तट्टू

पाठीवर मोजून ४८ ते ५४ इंच उंच, २०० ते २८० किलो वजनाचे, आखूड पाठीचे, जाड नळीच्या पायांचे आणि कठीण खुरांचे तट्टू या कामाला बरे. दख्खनच्या भीमथडी जातीचे किंवा त्या वळणाचे मिश्र जनावर पाठीवर संसार लादून मेंढपाळांबरोबर मैलोन्मैल चालते. साक्री व शिंदखेडा भागांतील ठेलारी मेंढपाळांकडेही अशी तट्टे दिसतात. त्यांना वाटेचा व तळ हलवण्याचा सराव असतो, पण खोगिराचा असेलच असे नाही. ओझ्याचे तट्टू स्वार घेते का, हे घेण्यापूर्वी चालवून पाहावे.

खरेदीची मोठी जागा म्हणजे तापीकाठचे सारंगखेडा (ता. शहादा). दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, तेथे यात्रा भरते आणि घोडेबाजार त्यानंतरही चालू असतो. बाजाराचे डोळे उंच मारवाडी व काठेवाडी घोड्यांवर असतात. देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा), अंगावरचे केसांचे इतर भोवरे आणि रंग यांवर किंमत फिरते. रपेटीसाठी भोवऱ्यांचा उपयोग शून्य. त्याऐवजी चारही खूर उचलून पाहावेत, कडक जमिनीवर दुडकीत चालवून लंगड तपासावी आणि दात बघावेत. पाचव्या वर्षी कायमचे दात पूर्ण येतात. त्याआधीच्या शिंगरावर दिवसभराचा स्वार घालू नये. रहवाल (धक्के न देणाऱ्या, सरकत्या) चालीचे तट्टू मिळाले तर लांबच्या पल्ल्याला स्वाराची कंबर वाचते, पण खडकाळ उतारावर ती चाल आवरून साधा कदम, म्हणजे सावकाश चाल, धरावा लागतो.

ओझे

स्वार, खोगीर आणि पडशी मिळून जनावराच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावे. हे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत गेले की पाठीचे स्नायू दुखू लागतात आणि नाडी उतरायला वेळ लागतो. २५० किलोच्या तट्टूसाठी हिशेब ५० किलोंचा होतो. त्यात ८ किलोंचे खोगीर आणि ४ किलोंचे सामान धरले तर स्वाराला उरतात ३८ किलो, म्हणजे शाळकरी मुलाचे वजन. मोठ्या माणसाने २८० किलोंजवळचे जनावर निवडावे, सामान दुसऱ्या तट्टूवर द्यावे आणि चढ-उतार पायी करावेत. ओझ्याच्या व कामाच्या जनावरांविषयी १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टूसाठी ७० किलो ही कमाल मर्यादा आहे. ती कायद्याची वरची कड आहे. लहान चणीच्या तट्टूला तेवढे ओझे दिवसभर देणे योग्य नव्हे. त्याच नियमांनुसार दिवसाला ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही.

खोगीर व साज

बहुतेक पाठी खोगिरानेच बिघडतात. मोठ्या घोड्याचे खोगीर तट्टूवर टाकले की ते शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर येते आणि मध्ये अधांतरी राहून दोन टोकांनी रुतते. तट्टूचे पोट गोल आणि वशिंडाची जागा बसकी असल्याने उतारावर खोगीर पुढे सरकते. त्यासाठी शेपटीखालून जाणारी दुमची हवी, पण तिच्यात दोन बोटे सैल जागा ठेवून आणि तेल लावून मऊ केलेली. कोरडी दुमची एका दिवसात शेपटीखाली जखम करते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तीनदा पाहावा: स्वार होताना, पंधरा मिनिटांनी आणि मोठ्या उताराआधी. खोगिराखाली सुती किंवा लोकरी घडी सुरकुतीविना अंथरावी. कुसळे हिवाळ्यात सर्वत्र असतात, म्हणून घडी दर मुक्कामाला झटकून उलटून पाहावी. पडशीच्या दोन्ही बाजू ताणकाट्याने तोलाव्यात. अर्ध्या किलोचा फरकही दुपारपर्यंत खोगीर एका अंगाला ओढतो.

नाल दर ६ ते ८ आठवड्यांनी काढून खूर कापून पुन्हा ठोकावेत. निघण्याच्या आदल्या दिवशी नालबंदी करू नये. खिळा मऊ भागाजवळ गेला असेल तर लंगड दोन-तीन दिवसांनी उमटते, तोवर आपण गावापासून लांब असतो. एक सुटा नाल, खिळे आणि खूर साफ करायचा आकडा बरोबर असावा.

जमीन व वाट

खानदेशात वाट चुकण्यापेक्षा पाय फसण्याची भीती अधिक. काळ्या रानात हिवाळ्यात पडणाऱ्या भेगांवर गवत वाळून पडलेले असते. तेथे स्वाराने खाली उतरून पुढे चालावे. कपाशी काढल्यावर उरलेले पऱ्हाटीचे खुंट खुराच्या तळाला व नळीला टोचतात. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात ठिबकच्या नळ्या पायात अडकतात. तट्टू घाबरून ओढते आणि नळी फासासारखी आवळली जाते, म्हणून केळीच्या ओळीत न शिरता बांधावरून जावे. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका तारा संध्याकाळी चालू होतात. अंधार पडायच्या आत शेतवाट सोडावी.

तापीच्या पात्रात सारंगखेडा व प्रकाशा येथे बॅरेज आहेत. पावसाळ्यानंतर पाणी अडवले की नदी पायी ओलांडण्याचे जुने उतार बुडतात. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेला उतार खरा असला तरी आज तेथे पोहावे लागेल, तेव्हा पूल धरावा. पुलावर व शहाद्याच्या रस्त्यांवर या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ऊसाचे ट्रॅक्टर, तेही गाणी लावून, धावतात. ज्या तट्टूला हा आवाज सोसत नाही ते कितीही देखणे असो, वाटेवर घेऊ नये.

धुळे-नंदुरबार भागातील बेसाल्टच्या भिंतींसारख्या उंच, अरुंद कडांजवळ सुटे टोकदार दगड असतात. तेथे खुराच्या तळाला मार बसतो. लंगड लगेच दिसते, पण कोणतीही जखम सापडत नाही. अशा वेळी खूर पाण्यात बुडवून गार करावा, जनावर रिकामे चालवावे. सातपुड्यात तोरणमाळकडे चढताना नाल झिजतात, म्हणून निघताना नवे नाल बरे. यावल, अनेर व गौताळा ही अभयारण्ये वनखात्याच्या परवानगीशिवाय ओलांडता येत नाहीत. तेथे बिबट्याचा वावरही आहे. मुक्काम गावाशेजारीच करावा.

दिवसाची आखणी

दिवसाला २० ते २५ किलोमीटर पुरे. कदमाचा वेग तासाला ५-६ किलोमीटर असतो, म्हणजे प्रत्यक्ष खोगिरात चार-पाच तास. सूर्योदयाला सर्वांत जास्त थंडी असते. त्या वेळी थेट दुडकी काढल्यास आखडलेले स्नायू ताणले जातात. पहिली वीस मिनिटे हाताने धरून किंवा सैल लगामाने कदमानेच चालावे. अकरानंतर ऊन चढते आणि हिवाळ्याच्या दाट केसांत घाम साचतो. ११ ते ३ विसावा घ्यावा, तंग सैल करावा. पुन्हा निघण्याआधी नाडी मोजावी. विसाव्याच्या नाडीचे प्रमाण मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. दहा मिनिटे थांबूनही ती ६० च्या खाली येत नसेल तर पुढचा टप्पा रद्द.

मुक्काम एक किलोमीटरवर राहिला की उतरून चालावे. घामेजल्या पाठीवरून खोगीर एकदम काढल्यास संध्याकाळच्या गार वाऱ्याने पाठ आखडते. तंग सैल करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग काढून गवताच्या बोळ्याने पाठ चोळावी. घाम पूर्ण सुकल्यावरच खरारा करून घोंगडी घालावी. ओल्या अंगावर झूल टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. आतली ओल रात्रभर तशीच राहते. संध्याकाळी धुवू नये.

चारा, पाणी, पोटशूळ

हिवाळी रपेटीतला खरा धोका पोटशूळ. पहाटेचे हौदातले पाणी इतके गार असते की तट्टू तोंड लावून सोडते. दिवसभरात २० लिटरही पोटात जात नाही, वर सुका कडबा पडतो आणि लीद आतच घट्ट बसते. उपाय सोपा आहे: सकाळी विहिरीचे ताजे उपसलेले किंवा कोमट केलेले पाणी द्यावे आणि दाण्यात २५-३० ग्रॅम मीठ घालावे. २५० किलोच्या जनावराला रोज सुमारे ५ किलो सुका चारा लागतो. दादरचा कडबा खानदेशात सहज मिळतो, तो कुट्टी करून थोडा ओलावून द्यावा. वर एक-दीड किलो भिजवलेला हरभरा व गव्हाचा कोंडा दोन वेळांत विभागून तोबऱ्यात. विसाव्याच्या दिवशी दाणा निम्मा करावा. पूर्ण दाणा देऊन दुसऱ्या दिवशी कसून चालवले तर मागचे स्नायू लाकडासारखे होतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा जनावराला एक पाऊलही चालवू नये.

कापणीनंतर ज्वारीच्या धसकटांना आलेल्या कोवळ्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल असते. तेथे चरायला सोडू नये. कोंबड्यांचे खाद्य कधीच देऊ नये, कारण त्यात असू शकणारे मोनेन्सिन हे औषध घोड्याच्या हृदयाला घातक ठरते. काही गुरांच्या खाद्यातही ते असते.

पोटशूळात तट्टू पोटाकडे वळून पाहते, जमीन उकरते, लोळू पाहते, लीद टाकत नाही. चारा काढून घ्यावा, हळू फिरवावे, लगेच पशुवैद्याला बोलवावे. बांबूच्या नळकांड्याने तेल पाजण्याची जुनी रीत टाळावी. घोडा ओकू शकत नाही आणि नळकांड्यातले तेल फुफ्फुसात गेले तर पोटशूळाआधी न्यूमोनियाच मारतो.

आरोग्याची पूर्वतयारी

धनुर्वाताची लस चालू असावी. पावसाळ्यातील माशांमुळे पसरणारा सर्रा हा रक्तातील परजीवीचा आजार हिवाळ्यात खंगणे व अधूनमधून ताप अशा रूपात दिसतो. बाजारातून आणलेल्या तट्टूची रक्तपरीक्षा त्यासाठी करावी. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि कायद्याने कळवण्याजोगा आजार आहे. नाकातून चिकट स्राव किंवा पायांवर गाठी दिसल्यास व्यवहार थांबवावा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवावे. नवे जनावर किमान दोन आठवडे वेगळे बांधावे, म्हणून पौषातल्या रपेटीसाठी खरेदी मार्गशीर्षाच्या यात्रेतच उरकलेली बरी.